ऑनलाइन अभ्यासक्रमांची मोजपट्टी : नांदेड-लातूरच्या दृष्टीने

वर्गात उभे राहून शिकविणाऱ्या अध्यापकाला आपल्या विवेचनातील उणीव जागच्या जागी भरून काढण्याची जी सवलत असते, तिचे मोल ती नाहीशी झाल्याखेरीज ध्यानात येत नाही. पहिल्या बाकावरील मुलीने भुवया आकसल्या, मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, की तो थांबतो, तेच सूत्र दुसऱ्या उदाहरणाने सांगतो, फळ्यावरची आकृती पुसून पुन्हा काढतो. आणि या अखंड दुरुस्तीच्या बळावर, ज्याची पूर्वतयारी बेताचीच होती असा तासही पुष्कळदा बरा पार पडतो. ऑनलाइन अभ्यासक्रम मात्र एकदा रचला, मुद्रित केला आणि प्रसृत केला, की ज्याचा चेहरा रचनाकाराला कधीच दिसणार नाही अशा विद्यार्थ्यापुढे तो जाऊन उभा राहतो. वर्गात जी दुरुस्ती ओघाने होते ती येथे आधीच, कल्पनेने, करून ठेवावी लागते. विद्यार्थी कोठे अडेल, काय विसरेल, कोणत्या सूचनेचा भलताच अर्थ घेईल, याविषयीचे अंदाज अनुभवी मंडळींनी गेल्या अर्धशतकात बांधले आणि ते याद्यांच्या रूपाने लिहून ठेवले; अभ्यासक्रम-रचनेचे मापदंड म्हणून आज ज्यांचा एवढा गवगवा होतो, ते मुळात हेच अंदाज होत.

नांदेड-लातूरकडील महाविद्यालयांना हा विषय काल-परवापर्यंत दूरचा वाटत असे; आता तो दप्तरात शिरला आहे. केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षीच विद्यापीठ अनुदान आयोगाने तेथील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रात २० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्याची मुभा दिली होती, आणि २०२१ साली ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. परिणामी किनवटच्या वा निलंग्याच्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रकात मद्रासेस किंवा खडगपुरास रचलेल्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक रीतसर रुजू होऊ शकतात. आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, स्थापन झालेले जे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आपल्याकडे 'स्वारातीम' या सुटसुटीत नावाने ओळखले जाते, त्याच्या अभ्यासमंडळांना दुसऱ्याने केलेल्या कामाची प्रत पारखण्याचे नवे काम येऊन पडते. शिवाय स्थानिक प्राध्यापकांनीही असे अभ्यासक्रम रचावेत असा आग्रह वरून होत असतोच. पारखायचे कशावर आणि रचायचे कशाच्या आधारे, हा प्रश्न म्हणून केवळ पंडिती राहिलेला नाही.

या मापदंडांची वंशावळ थोडक्यात सांगता येते. शैक्षणिक उद्दिष्टांची पायरीवार वर्गवारी बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. विश्लेषण, अभिकल्प, विकसन, अंमल आणि मूल्यमापन या पाच टप्प्यांची पद्धत १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा राज्य विद्यापीठात अमेरिकी सैन्यासाठी आखली गेली. सैनिकी प्रशिक्षणातून आलेली ही शिस्त विद्यापीठांनी फारशी कुरकुर न करता स्वीकारली, याचे मला नेहमीच थोडे नवल वाटत आले आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांपुरते बोलायचे तर सर्वांत प्रभावी ठरली ती 'क्वालिटी मॅटर्स' ही मोजपट्टी. मेरीलँड राज्यातील महाविद्यालयांच्या संघाने २००३ साली मिळालेल्या सरकारी अनुदानावर ती सिद्ध केली, आणि उच्चशिक्षणासाठीच्या तिच्या २०२३ च्या सातव्या आवृत्तीत आठ सर्वसाधारण कसोट्या व त्यांखाली ४४ पोटकसोट्या आहेत. अभ्यासक्रमाची ओळख, उद्दिष्टे, मूल्यमापन, साहित्य, कृती, तंत्रसाधने, विद्यार्थ्याला मिळणारे साहाय्य आणि सर्वांना वापरता येण्याजोगी सुगमता, अशी ती आठ अंगे. तीन समव्यवसायी अध्यापकांचे मंडळ अभ्यासक्रम तपासते. त्यांत एक विषयतज्ज्ञ आणि एक संस्थेबाहेरचा असावा लागतो. अत्यावश्यक म्हणून नेमलेल्या सर्व कसोट्यांस उतरून एकूण ८५ टक्के गुण मिळाले, तरच मोहोर उमटते.

या मोजपट्टीचा प्राण तिच्या एका सूत्रात आहे. उद्दिष्ट, साहित्य, कृती आणि परीक्षा यांचा एकमेकांशी मेळ असला पाहिजे, एवढेच ते सूत्र. विद्यार्थ्याला प्रयोगाची मांडणी करता यावी असे उद्दिष्ट लिहायचे आणि परीक्षेत व्याख्या विचारायच्या, हा विसंवाद ती खपवून घेत नाही. आणि तिच्या कर्त्यांचा प्रामाणिकपणा असा की आपण अभ्यासक्रमाची रचना तपासतो, अध्यापकाचे अध्यापन तपासत नाही, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट सांगून ठेवले आहे. आपल्याकडे ही मर्यादा सहसा सांगितली जात नाही; मोहोर उमटली की सर्वच उत्तम, असा समज होतो.

मराठी वाचकाला अशा मापदंडाची ओळख संगणकाच्या कितीतरी आधी, छापील पुस्तकातून, झालेली आहे. नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. त्याच्या पुस्तकांचा साचा ज्यांनी हाताळला असेल त्यांना आठवेल : प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मग प्रास्ताविक, विषय-विवेचन, मध्ये मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी सारांश, पारिभाषिक शब्द आणि त्या प्रश्नांची उत्तरे. मुखेड-कंधारकडे नोकरी किंवा शेती सांभाळून पदवी मिळविणाऱ्या माणसाजवळ शंका विचारायला कोणी नाही, हे गृहीत धरूनच हा साचा बनलेला होता, आणि त्या अर्थाने तो मराठीतील पहिला विचारपूर्वक केलेला अभ्यासक्रम-रचनेचा मापदंड म्हणावा लागेल. पुढे तोच साचा अनेक विद्यापीठांच्या दूरशिक्षण विभागांनी उचलला, आणि उचलताना त्यातील विचार पुष्कळदा मागेच राहिला. घटकातील उपशीर्षकांपुढे 'समजून घेता येईल' हे शब्द जोडले की उद्दिष्टे तयार, आणि शेवटचा परिच्छेद पुन्हा छापला की सारांश तयार, असा शिरस्ता पडला. रकाना भरला गेला. पण ज्या विद्यार्थ्यासाठी तो आखला होता त्याला त्यातून काही मिळाले नाही.

'स्वयम्'चा चतुष्कोनी आराखडा याच कुळातला आहे. ध्वनिचित्रित पाठ, वाचनसाहित्य, चर्चेसह पूरक संदर्भ आणि स्वयंमूल्यमापन, असे त्याचे चार कोन. आराखडा सुबुद्ध आहे, परंतु त्याचा अंमल करणाऱ्या यंत्रणेला चारही कोन भरले आहेत की नाही एवढेच सहज मोजता येते. ते एकमेकांशी बोलतात की नाही हे मोजायला वाचावे लागते, आणि वाचायला वेळ नसतो. त्यामुळे पाठात एक, वाचनाच्या पीडीएफमध्ये दुसरे आणि प्रश्नांत तिसरेच, असे अभ्यासक्रमही चारही कोनांची हजेरी लावून मंजूर होतात.

मेळाच्या या तत्त्वाचा धडा घेण्यासाठी लातूरकरांना मेरीलँडला जाण्याचे खरे तर काही कारण नव्हते. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात, जनार्दन वाघमारे यांच्या प्राचार्यपदाच्या काळात, जी शिस्त आकाराला आली आणि जी पुढे 'लातूर पॅटर्न' या नावाने अवघ्या महाराष्ट्रात दुमदुमली, ती तपशिलाने पाहिली तर परस्परमेळाचा तो एक कडवा प्रयोग होता असे दिसते. पाठ्यक्रम मुदतीच्या पुष्कळ आधी संपवावा, घटकवार प्रश्नपेढ्या कराव्यात, सराव परीक्षांची मालिका लावावी, तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्यापुढे ठेवून चूक कोठे झाली ते दाखवावे आणि जेथे बहुतेकांचे चुकले तो भाग जादा तासांत पुन्हा शिकवावा : यातील शेवटच्या दोन गोष्टी तर आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांपैकी फारच थोड्यांना साधल्या आहेत. विद्यार्थ्याला त्याच्या चुकीचे वेळेवर आणि नेमके उत्तर मिळाले पाहिजे, हे प्रत्येक मापदंडात लिहिलेले असते. लातूरला ते न लिहिता घडत होते. अवर्षणाने गांजलेल्या जिल्ह्यातील, घरात पुस्तकांचे नाव नसलेली मुले बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत आणि तेथून वैद्यकीय-अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेली, हे त्या शिस्तीचे यश नाकारण्याचे धाडस कोणी करू नये. तिचे आद्य पुरस्कर्ते वाघमारे हेच पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, हा योगायोग या आढाव्यात सोयीचा आहे.

पण या पॅटर्नवर जो आक्षेप त्या काळापासून घेतला गेला तोही येथे तितकाच उपयोगाचा आहे. अध्यापन, सराव आणि परीक्षा यांचा मेळ त्याने विलक्षण साधला. मात्र ज्या उद्दिष्टाशी मेळ साधायचा ते उद्दिष्ट त्याने बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेकडून जसेच्या तसे उचलले आणि ते उचलण्याजोगे आहे काय, ही चौकशी आपल्या कक्षेबाहेर ठेवली. म्हणूनच प्रवेशाची किल्ली बोर्डाकडून 'नीट'कडे गेली तेव्हा लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांतील शिकवणी-व्यवस्थेने फारशी अडचण न येता निशाण बदलले. पद्धत तीच राहिली. मापदंडांचे मौनही अगदी याच जागी आहे. उद्दिष्ट मोजता येण्याजोगे असावे, विद्यार्थ्याच्या बाजूने लिहिलेले असावे, घटकाशी सुसंगत असावे, एवढे ते सांगतात; ते शिकण्याच्या लायकीचे आहे काय, याविषयी अवाक्षर काढत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी ज्या लातुरात आणावी लागली, तेथे जलव्यवस्थापनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम रचायचा झाला, तर 'विद्यार्थ्याला जलसंधारणाच्या पाच पद्धतींची नावे सांगता येतील' हे उद्दिष्ट आणि त्याला साजेशी बहुपर्यायी परीक्षा कोणत्याही मोजपट्टीवर बिनतक्रार उतरेल. विद्यार्थ्याने गावातील तीन विहिरींची पातळी पावसाळ्याच्या आधी व नंतर मोजून तिचा अर्थ लावावा, असे उद्दिष्ट ठेवणारा अभ्यासक्रम तपासायला कठीण आणि म्हणून कदाचित कमी गुणांचा ठरेल. या दोहोंतील निवड मोजपट्टी करून देणार नाही. ती अध्यापकाने करायची आहे, आणि मापदंडांच्या गदारोळात नेमकी तीच जबाबदारी त्याच्या नजरेआड होते, हे या सर्व चळवळीविषयीचे माझे मुख्य गाऱ्हाणे आहे.

चित्रफितींच्या लांबीचा वाद याच्या मानाने लहान, पण चर्चेत मोठा. 'एडएक्स' या व्यासपीठावरील सुमारे ६९ लाख प्रेक्षण-प्रसंगांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला आणि विद्यार्थ्याचे लक्ष सर्वसाधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही असे त्यातून दिसले. तेव्हापासून सहा हा आकडा पवित्र होऊन बसला. तो अभ्यास मुख्यतः गणित-विज्ञानाच्या चार अभ्यासक्रमांचा होता, हे कोणी आठवत नाही. आमच्याकडे लहान फितीचे समर्थन निराळ्याच, पण अधिक भक्कम कारणाने करता येते : माहूरच्या डोंगरपट्ट्यात रेंज जाते-येते, दिवसाचा नेट पॅक संध्याकाळपर्यंत संपतो, आणि चाळीस मिनिटांची फीत अर्ध्यावर तुटली की विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो किंवा करीतच नाही. रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम-अध्ययनाच्या संशोधनातून निघालेला एक निष्कर्ष मात्र येथेही अक्षरशः लागू पडतो. पडद्यावर जो मजकूर आहे तोच निवेदकाने शब्दशः वाचून दाखविला तर आकलन वाढण्याऐवजी घटते. पीपीटी समोर ठेवून ती ओळीने वाचणे हा आपल्याकडील बहुसंख्य फितींचा आत्मा असल्यामुळे, एवढा एक नियम पाळला गेला तरी पुष्कळ काम होईल.

करोनाच्या काळात या बाबतीत एक चांगला दाखला महाराष्ट्रातच घडला. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने जुलै २०२० मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आणली. स्मार्टफोन आणि इंटरनेट ज्या घरात नाही तेथेही पोहोचणारे माध्यम तिने निवडले, आणि धडा वाचून दाखविण्याऐवजी घर, अंगण व परिसर यांतील वस्तूंनी मुलांना काहीतरी करायला लावले. त्याच महिन्यात केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शिकेने आठवीपर्यंतच्या मुलांना दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे आणि नववी ते बारावीला चार असावीत असे सुचविले होते. सत्रांची संख्या सांगणारा मापदंड सोपा; कोणते माध्यम घ्यायचे हे ठरविण्यासाठी विद्यार्थ्याच्या घराची माहिती लागते.

सुगमतेच्या कसोटीपाशी थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण तेथे दुर्लक्षाचे रूपांतर सरळ अन्यायात होते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा शिक्षणात आणि माहिती-तंत्रज्ञानात समान प्रवेशाची तरतूद करतो; जागतिक वेब संघाची सुगमता-मार्गदर्शिका १९९९ पासून असून तिची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक एवढे तेजोगुणोत्तर असावे, चित्राला शब्दांत वर्णन असावे, फितीला लिखित संवाद असावा, हे तिचे नियम सर्वत्र सारखेच लागू आहेत. मात्र मराठी अभ्यासक्रमांचा मोठा दोष या नियमांच्याही आधीचा आहे. हस्तलिखित वा छापील टिपणांची छायाचित्रे घेऊन केलेली पीडीएफ अंध विद्यार्थ्याच्या वाचक-सॉफ्टवेअरला कोरीच दिसते, आणि जुन्या बिगर-युनिकोड फाँटात टंकलेला मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग म्हणून दिसतो. त्यात शोध घेता येत नाही, त्याचा आकार फोनच्या पडद्यानुसार बदलत नाही. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे, आणि तरीही हे चालते, याला निष्काळजीपणाखेरीज दुसरे नाव नाही. उलटपक्षी, रोमन लिपीसाठी दिलेला सल्ला डोळे झाकून घेण्यातही धोका आहे : वाचनसुलभतेसाठी अक्षरांमधील अंतर वाढवावे हा नियम देवनागरीला लावला की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. आपल्या लिपीला वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार यांसाठी ओळींमधील जागा अधिक लागते. मराठी मोजपट्टीत हे स्वतंत्र कलम असले पाहिजे.

भाषेच्या प्रश्नाला मराठवाड्यात एक इतिहास आहे. निजामाच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला तेव्हा १९१७ साली हैदराबादेत 'दार-उल-तर्जुमा' हे भाषांतर खाते उघडण्यात आले. उर्दूतून उच्चशिक्षण देण्यासाठी पुस्तके करणे आणि त्यासाठी विद्वानांच्या समित्यांकडून परिभाषा घडविणे हे त्याचे काम, आणि ते त्या खात्याने फार उच्च प्रतीचे केले. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो धाडसी उपक्रम होता. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला त्याचा उंबरठा परकाच वाटला. मुक्तिसंग्रामानंतर १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले, त्यामागे ही वंचनाही होती. आजच्या अभ्यासमंडळांनी हे विसरू नये, कारण मराठीचा आग्रह धरतानाही देगलूर-बिलोलीच्या सीमेवर तेलुगू, औराद शहाजानीकडे कन्नड, नांदेड शहरात उर्दू, तांड्यांवर गोरमाटी आणि किनवटकडे गोंडी-कोलामी बोलणारी मुले याच वर्गांत बसतात. त्यांच्यासाठी निदान सूचना आणि परीक्षेचे निर्देश तरी साध्या, लहान वाक्यांत असावेत. विवेचनात लांब वाक्ये लिहिण्याचा छंद, प्रस्तुत लेखकाप्रमाणे, निबंधापुरता ठेवावा.

साहाय्याविषयी एवढेच सांगतो की मापदंडात तांत्रिक मदतीचा ई-मेल पत्ता असावा असे म्हटलेले असते, आणि ज्या गावात ई-मेल ही सवयीची गोष्ट नाही तेथे त्याचा उपयोग शून्य. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने 'एमएस-सीआयटी' तालुक्या-तालुक्यांत रुजविली ती संगणकावरील धड्यांबरोबर केंद्रात एक जिवंत माणूस बसवून. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांचेही तेच. साप्ताहिक स्वाध्यायांची मुदत ठरविताना सोयाबीनची काढणी कधी असते हे लातूर जिल्ह्यातील रचनाकाराला माहीत असते; ते त्याने वेळापत्रकात उतरविले नाही, तर ऑक्टोबरात निम्मा वर्ग गळाल्याचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडले जाते.

मापदंडांना सरसकट विरोध करणारे प्राध्यापक म्हणतात की यामुळे अध्यापकाचे स्वातंत्र्य जाते. ही कैफियत मला पटत नाही. विद्यार्थ्याला पहिल्या पानावर काय करायचे ते कळू नये, यात कसले आले स्वातंत्र्य? त्यांचा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. चव्वेचाळीस रकान्यांचा तक्ता ज्या महाविद्यालयात एक प्राध्यापक तीन विषय सांभाळतो तेथे पाठविला, तर तो भरला जाईल, सही-शिक्क्यानिशी परत येईल आणि कपाटात जाईल. त्यापेक्षा पाच-सहाच कसोट्या घ्याव्यात : उद्दिष्ट आणि परीक्षा यांचा मेळ, चुकीला वेळेवर उत्तर, युनिकोड मजकूर, साध्या फोनवर व कमी रेंजवर चालण्याची हमी, स्थानिक साहाय्य आणि उद्दिष्टाच्या योग्यतेबद्दल अभ्यासमंडळाची लेखी कारणमीमांसा. शेवटची कसोटी परदेशी याद्यांत सापडणार नाही. ती आपणच घालायची आहे.

आणि अभ्यासमंडळांच्या सदस्यांना एक विनंती. आपला असो वा बाहेरचा, कोणत्याही ऑनलाइन अभ्यासक्रमाला श्रेयांकांची मंजुरी देण्यापूर्वी किनवट, मुखेड, औसा, निलंगा अशा ठिकाणच्या चार-पाच विद्यार्थ्यांना तो त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच घरी, एक आठवडा करायला द्यावा. ते कोठे अडले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि तो कागद मंजुरीच्या मसुद्याला जोडल्याशिवाय त्यावर सही करू नये.